मदत हवी आहे: कोल्हापुरात दोन दिवस गाडी लावून स्वतः काम करायला शेड मिळेल का?

नमस्कार मंडळी, मी आणि बायको ट्रॅव्हलर घेऊन फिरतोय, मागच्या सीटा काढून आत बेड, ओटा, 100 लिटरची पाण्याची टाकी आणि टपावर सोलर, सगळं घरीच बसवलंय. परवा मालवणहून फोंडा घाट चढलो आणि दाजीपूरच्या पुढं वळीव असा कोसळला की टपावरच्या पंख्याच्या कडेनं पाणी थेट गादीवर. त्यात टाकीची खालची पट्टी चिरलीय, सध्या तारेनं बांधून चालवतोय.

काम मला येतं हो, पण करायचं कुठं? लॉजवाला म्हणतो पार्किंगमध्ये हत्यारं काढायची नाहीत, आणि गॅरेजवाला म्हणतो गाडी सोडून जावा, संध्याकाळी या. गाडी सोडून आम्ही झोपायचं कुठं, तेच तर घर आहे! शिवाय मागं एका गॅरेजात (गाव सांगत नाही) जुनं सीलंट न खरवडताच वरून सिलिकॉन फासून दिलं होतं, तेच आता गळतंय. खरवडून, पुसून, कोरडं करून नवीन लावायचं आणि रात्रभर त्यावर थेंब पडू द्यायचा नाही, एवढंच काम, पण रोज चारला आभाळ भरून येतंय. म्हणून वर पत्रा हवा, गाडी नऊ फुटाच्या वर जाते, आणि ड्रिलपुरती लाइट. भाडं देऊ. उद्यमनगरात कुणी देईल का?

प्रतिसाद: उद्यमनगरात नटबोल्ट, पट्टी, रबर घ्यायला दुचाकीवरनं जावा, एवढी मोठी गाडी बोळात घालू नका. पट्टीसाठी शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एखादा फॅब्रिकेशनवाला बघा. नुसती जागा मागितली की नाही म्हणतात, वेल्डिंग त्यालाच द्या, मग बाकीचं तुम्ही करत बसा, कोण काय बोलत नाही. टाकी आधी रिकामी करा, 100 किलो वजन आहे ते. आणि वेल्डिंगआधी सोलरची वायर काढा, मग बॅटऱ्यांची निगेटिव्ह, क्रम उलटा केला तर कंट्रोलर जायचा.

प्रतिसाद: सीलंटसाठी गुऱ्हाळघर बघा की! आता मे मध्ये बहुतेक बंदच असत्यात, उंच शेड, पुढं अंगण, लाइट. मालकाला नीट सांगितलं तर भाडं पण घेणार नाही, वर चहा पाजंल. फक्त तिथं ग्राइंडर, वेल्डिंग अजिबात नको, वाळलेली चिपाडं पडलेली असत्यात, एक ठिणगी पुरती.

धागाकर्ता: गुऱ्हाळाचं डोक्यातच आलं नव्हतं राव! म्हणजे उद्या सकाळी शिरोलीत पट्टी आणि दुपारच्या आत शेडखाली. वडणगे, कसबा बावड्याकडं कुणाच्या ओळखीचं गुऱ्हाळ असेल तर प्लीज व्यनि (खाजगी निरोप) करा. दोन रात्री पुरेत. गादी आज उन्हात टाकलीय, तीन वाजलेत, आभाळाकडं बघत बसलोय.