झॉम्बी कॉमेडीत बाबा गेले आणि पब्लिक खदाखदा हसलं, कुठे चुकलं?

अर्धा_कट

मंडळी मदत हवीये. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आम्ही पाच जणांनी मिळून बावीस मिनिटांची झॉम्बी फिल्म केलीये, कॉमेडी आहे पण शेवटाकडे इमोशनल होते, म्हणजे व्हायला हवी होती. बजेट म्हणाल तर नाहीच. कॅमेरा एका मित्राचा, घर दुसऱ्याचं, आणि झॉम्बी म्हणून जो फोन उचलेल तो. स्टोरी अशी की मुलगा एकटा राहतो, बाबा दोन दिवसांसाठी आलेत, दोघांचं फारसं जमत नाही, बाबा सारखे टोमणे मारतात, कोणी खोलीतून बाहेर पडलं की मागोमाग जाऊन लाइट बंद करतात, आणि नेमका तेव्हाच बाहेर राडा सुरू होतो. पहिली पंधरा मिनिटं मस्त चाललीयेत, लोक हसतात, टायमिंग जमलंय. मग बाबांना चावतं, ते कोणाला सांगत नाहीत, उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरतात, आणि शेवटी मुलासमोरच बदलतात. हा सीन लिहिताना मी खरंच रडलो होतो, हसू नका.

रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, नऊ जणांना दाखवला. बाबांनी डोळे फिरवले, घुर्रर्र केलं आणि एकजण फिस्सकन हसला. झालं, मग सगळेच. बाबांचं काम करणारे काका पण तिथेच बसले होते, तेही हसले आणि नंतर हळूच मला विचारतात, मी वाईट केलं का रे? ते ऐकून जास्त लागलं.

आता घर परत एकाच रात्रीसाठी मिळणार आहे, त्यामुळे जे काही रिशूट करायचं ते एका रात्रीत. म्युझिक टाकून सावरेल का? की सुरुवातीची कॉमेडी कमी करू? की सीनच काढू?

पॉपकॉर्न_संपला

म्युझिक टाकू नको बाबा. आत्ता नुसते हसलेत, व्हायोलिन ऐकलं की लोळतील.

मधली_सुट्टी

मी एडिटिंग करते, पोटापाण्यासाठी लग्नाचे व्हिडिओ आणि हौसेसाठी शॉर्ट फिल्म, त्यामुळे माझं मत थोडं कट-पेस्टवालं असेल. एक सांग, पहिल्या पंधरा मिनिटांत झॉम्बीने घुर्र केलं आणि त्यावर हशा आला असं किती वेळा झालंय? बसून मोज आधी.

कारण प्रेक्षकाला हसायचं कुठे हे तूच शिकवतोस. पंधरा मिनिटं तू त्याला सांगितलंस की घुर्र म्हणजे जोक, मग सोळाव्या मिनिटाला त्याच आवाजावर रड म्हणतोस, तो कसा रडेल? काकांची काही चूक नाही यात, त्यांना सांग.

शॉन ऑफ द डेड (२००४ची ब्रिटिश झॉम्बी कॉमेडी, हिरोचं नाव शॉन) परत बघ, पण या एकाच गोष्टीसाठी बघ. दिग्दर्शक एडगर राइट आणि त्याच्यासोबत लिहिणारा, शॉनचं काम करणारा सायमन पेग यांनी त्यात झॉम्बींकडून फारसे जोक करून घेतलेलेच नाहीत, जोक सगळे माणसांचे आहेत, शॉन सकाळी दुकानात जाऊन येतो, रस्त्यात झॉम्बी फिरतायत आणि त्याला झोपेत काही कळतच नाही, तिथे हसू झॉम्बीचं नाहीये, शॉनचं आहे. त्यामुळे पुढे सावत्र वडील आणि मग आई, या दोघांच्या वेळी पिक्चर एकदम गंभीर होतो आणि आपण निमूट होतो. (न बघितलेल्यांनी माफ करा, वीस वर्षं झाली, आता स्पॉयलर धरू नये.) आणि हो, चावलेलं लपवणं त्यातही आहे, शॉनची आई लपवते, तर तुझा फुल शर्ट ठेव पण तोच एक पत्ता आहे असं समजू नको.

अर्धा_कट

मोजलं. सात वेळा. त्यातल्या एकात झॉम्बीला शिंक येते 🤦

मधली_सुट्टी

शिंक उडव. मला न बघता सांगता येतं ती उडवायची आहे.

लेटेक्स_मावशी

नाटकाचा मेकअप करते, फिल्मचा कमी, पण झॉम्बी पुष्कळ केलेत. तुमच्या काकांच्या चेहऱ्याचा क्लोजअप किती सेकंद आहे? पाच-सहा सेकंदांच्या वर असेल तर हसणारच माणसं, कारण तेवढ्या वेळात डोळा मेकअप शोधायला लागतो. टिश्यू आणि लिक्विड लेटेक्सचे (पातळ रबराचे) थर देऊन केलेली जखम एका झटक्यात खरी वाटते, टक लावून बघितली की कडा दिसते. ती कडा दिसली की भीतीही संपली आणि दुःखही. आमच्याकडे नाटकात पहिली रांग लांब असते म्हणून निभावतं, कॅमेऱ्याची पहिली रांग नाकाला टेकलेली असते.

अजून दोनचार गोष्टी. रक्त फार लाल झालं असेल बहुतेक, सगळ्यांचं होतं, नुसता लाल फूड कलर टाकतात. त्यात थेंबभर निळा आणि चिमूटभर कोको पावडर टाकायची म्हणजे ते जुनं, गडद दिसतं. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेडमध्ये चॉकलेट सिरप वापरलं होतं, फिल्म ब्लॅक अँड व्हाइट होती म्हणून खपलं, तुम्हाला नाही खपणार. आणि ते पांढरे कॉन्टॅक्ट लेन्स ऑनलाइन स्वस्तात मिळतात ते काकांच्या डोळ्यांत घालू नका हो, इन्फेक्शन झालं तर फिल्म राहील बाजूला. लेटेक्स लावायच्या आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा, काहींना पुरळ उठतं.

पण माझं ऐकाल तर शेवटच्या सीनमध्ये मेकअप जवळजवळ नकोच. माणूस जितका ओळखीचा दिसेल तितकं जास्त दुखतं.

स्टँडबाय

मावशींना १००%. यावरून द बॅटरी (२०१२) आठवला. जेरेमी गार्डनरने सुमारे ६,००० डॉलरमध्ये केलाय, दोन माजी बेसबॉल खेळाडू, जंगल, रस्ते, रिकामी घरं, बाकी काही नाही. अर्धा वेळ दोघं एकमेकांच्या डोक्यात जातात हीच फिल्म, म्हणजे तुझ्या बापलेकासारखीच. शेवटाकडे दोघं गाडीत अडकतात आणि बाहेर झॉम्बींचा वेढा. कॅमेरा आतच. आपण काचेवरचे हात बघतो, थापा ऐकतो, गाडी हलते, आणि एक शॉट इतका वेळ तसाच धरून ठेवलाय की आपल्याला कट कर म्हणून ओरडावंसं वाटतं. गर्दी किती आहे ते कळतच नाही, आणि कळायची गरजही पडत नाही कारण आवाज आहे. गरीब फिल्मवाल्यांसाठी ही एक गोष्ट सोन्यासारखी आहे, दाखवायला पैसे लागतात, ऐकवायला तुलनेने फार कमी. चित्र थोडं खराब असलं तर पब्लिक माफ करतं, आवाज खराब असला तर उठून जातं.

त्याच्याही खाली जायचं असेल तर कॉलिन (२००८) आहे, मार्क प्राइसचा, खर्च ४५ पाउंड म्हणून गाजला होता. त्यात हिरोच झॉम्बी आहे, सगळं त्याच्या बाजूने दिसतं. कॉमेडी नाहीये अजिबात, पण झॉम्बी झालेल्या माणसाबद्दल वाईट कसं वाटायला लावायचं याचा अभ्यास म्हणून बघच. तो कॉलिन घुर्र कमी करतो आणि गोंधळलेला जास्त दिसतो, मला वाटतं तिथेच गंमत आहे. तुझ्या काकांना रागीट झॉम्बी करायला सांगितलंस ना? सांगितलंच असशील.

अर्धा_कट

सांगितलं होतं. "काका अजून राग दाखवा" असं चार वेळा ओरडलो होतो मी सेटवर. सेट कसला, हॉल.

जुनंच_बरं

मी जरा उलटं बोलतो. नऊ जण हसले म्हणजे सीन पडला हे कोणी ठरवलं? ते मित्र होते ना सगळे, काकांना ओळखणारे? ओळखीचा माणूस पडद्यावर डोळे फिरवतोय म्हटल्यावर मी तर मेलो असतो हसून. हाच कट काकांना न ओळखणाऱ्या चार जणांना दाखव, मग रड. टेस्टला मित्र बोलवणं म्हणजे आईला विचारणं मी कसा दिसतो.

दुसरं, हसू आणि रडू एकाच सीनमध्ये चालतं. वन कट ऑफ द डेड बघितलायस का, शिनिचिरो उएदाचा, २०१७ चा जपानी. ३० लाख येनमध्ये झालेला, अनोळखी नट, आणि सुरुवातीचा ३७ मिनिटांचा एकच शॉट. आता तो शॉट पहिल्यांदा बघताना वाटतं काय भंगार आहे हे, नट मध्येच थांबतात, उगाच कुठेतरी बघतात, संवाद लांबवतात. माझ्या बायकोने विसाव्या मिनिटाला फोन काढला. मग पुढे कळतं की प्रत्येक चुकीमागे काय घडत होतं, आणि जे भंगार वाटलं त्यावर आपण पोट धरून हसतो. आणि हसताहसता शेवटच्या काही मिनिटांत बाप-मुलीचं असं काही समोर येतं की घसा दाटतो. जास्त सांगत नाही. पण तिथे डोळ्यात पाणी येतं ते कॉमेडी थांबवून नाही, कॉमेडी फुल चालू असतानाच. त्यामुळे सुरुवातीची कॉमेडी कमी करायची वगैरे भानगडीत पडू नकोस.

मधली_सुट्टी

@जुनंच_बरं मित्रांचा मुद्दा बरोबर, कॉमेडी कमी करू नकोस हेही बरोबर. मी जोक कमी करा म्हणतच नव्हते, झॉम्बीच्या आवाजावरचे जोक माणसांवर हलवा म्हणत होते. सातातले पाच तरी नुसते रिअ‍ॅक्शन शॉटवर (बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर) कट करून हलतील, रिशूट लागणार नाही.

पण तुझं पोस्ट परत वाचताना एक दिसलं आणि मी उठून बसले. लाइट!! तूच लिहिलंयस, बाबा सगळ्यांच्या मागे फिरून लाइट बंद करतात. तो जोक सुरुवातीला किती वेळा आहे? त्याचं पुढे काही केलंयस का?

शॉनमध्ये सावत्र वडिलांना गाडीतलं मोठ्या आवाजातलं म्युझिक सहन होत नसतं. ते जातात, झॉम्बी होतात, बाकीचे घाईघाईत गाडीबाहेर पडतात, म्युझिक दणदणत असतं, आणि तो झॉम्बी झालेला माणूस हात पुढे करून ते बंद करतो. हसू येतं आणि त्याच क्षणी पोटात कालवतं, कारण तेवढा एक माणूस आत शिल्लक आहे. (आणि त्याच्या जरा आधीच शॉन आईला सांगत असतो की आता त्या गाडीत तुझा नवरा उरलेला नाही तसं काहीसं, त्यामुळे अजून वाईट.)

तुझ्याकडे तो हात आयताच पडलाय.

अर्धा_कट

थांब थांब. तीन वेळा आहे तो जोक. पुढे काहीच नाही केलंय. मी तो नुसता फिलर म्हणून टाकला होता, माझे बाबा तसंच करतात म्हणून.

म्हणजे असं का, मुलगा बाबांना खोलीत सोडून मागे मागे सरकतो, दारातून बाहेर पडतो, आणि बाबा त्याच्यामागे यायच्या ऐवजी बटणाकडे जातात?

लेटेक्स_मावशी

आणि अंधार! अहो मग मेकअपचा प्रश्नच मिटला. पाठमोरे दाखवा, हात दाखवा, बटण दाखवा, काळोख. काकांच्या हाताला मात्र मी सांगते तसा रंग द्या, नखांच्या कडेला करडा-जांभळा, बाकी हात ओळखीचाच ठेवा. अंगठी वगैरे घालत असतील तर राहू द्या.

स्टँडबाय

काळोखानंतर लगेच कट नको. आवाज चालू ठेव. आतून काय ऐकू येतं ते ठरव, माझ्या मते घुर्र नकोच, नुसता श्वास. आणि मुलाचा चेहरा दाराबाहेर, मागच्या एखाद्या दिव्याच्या उजेडात. लॉक शॉट, हलवू नको, हँडहेल्ड केलंस तर मी येऊन कॅमेरा काढून घेईन.

एका रात्रीत आरामात होईल हे. तीन शॉट आहेत, चार फार तर.

जुनंच_बरं

हसतील बरं का तरी. बटण दाबलं की हमखास हसतील.

मधली_सुट्टी

हसू देत ना. मुलगा हसत नाहीये, हे त्यांना दोन सेकंदांनी दिसेल. म्हणून तर तो चेहरा धरून ठेवायचा.

पॉपकॉर्न_संपला

पहिल्या तीन वेळांपैकी एकदा तरी मुलाने चिडून लाइट परत लावलेला दाखवा. म्हणजे शेवटी लोक वाट बघतील लावतोय का.

अर्धा_कट

@पॉपकॉर्न_संपला तू एवढा वेळ गप्प का होतास रे

पॉपकॉर्न_संपला

खात होतो.

अर्धा_कट

अपडेट. शनिवारी रात्री शूट केलं. काकांना सांगितलं की राग नको, तुम्हाला काहीतरी आठवतंय पण काय ते आठवत नाहीये असं करा. त्यांनी एकदाच केलं, पहिल्याच टेकला, बटण सापडायला त्यांना खरंच वेळ लागला, हात भिंतीवर दोनदा फिरला आणि मग लागला. तो चाचपडणारा हात मी लिहिलेला नव्हता. कट म्हणायचं राहिलंच, बूम (काठीवरचा माइक) धरलेला मित्र माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. मुलगा लाइट परत लावत नाही. हात बटणापर्यंत नेतो आणि खाली घेतो. सेफ्टीसाठी अजून दोन टेक घेतले, दोन्ही पहिल्यापुढे फालतू.

काका म्हणाले आता बरं होतं का. मी म्हटलं काका आधीही चूक माझीच होती.

शिंक काढली. दुःख झालं, चांगली शिंक होती.

आता शेवटचा प्रश्न, बटणाचा खटका लोकेशन साउंडमध्ये फारच बारीक आलाय, फ्रीजच्या घरघरीत बुडतोय. वेगळा रेकॉर्ड करू का? घर तर आता परत मिळणार नाही.

स्टँडबाय

फ्रीज बंद करायचा असतो शूटला 😑 पुढच्या वेळी गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेव, म्हणजे घरी जाताना परत चालू करायला विसरणार नाहीस.

खटका वेगळा कर, कुठल्याही जुन्या बटणाचा, माइक अगदी जवळ धरून. दहाबारा वेळा वेगवेगळ्या जोराने दाबून घे. आणि सुरुवातीच्या तिन्ही जोकना पण तोच खटका लाव, नाहीतर शेवटचा उपरा वाटेल. खटक्याबरोबर फ्रीजची घरघर पण कापून टाक, लाइट गेला की सगळंच थांबल्यासारखं वाटेल. लॉजिकली चूक आहे, कोणी विचारणार नाही.

मधली_सुट्टी

लिंक टाक झाली की. आणि यावेळी काकांना न ओळखणारे बोलव.