मदत हवी आहे: झोआ की पॅली, आणि ठेवू कुठे?

कोथरूडला घरी 2 फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्यातलं प्रवाळांचं मत्स्यालय) आहे, फक्त सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ), तापमान 25-26, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) 1.025. झोआ (झोअँथस, बटणासारखं छोटं प्रवाळ) म्हणून दोन फ्रॅग (प्रवाळाचे कापलेले छोटे तुकडे) आणले, दोन्ही हिरवट तपकिरी, दिसायला सारखेच. पण भिंगातून बघितलं तर एकाच्या देठात वाळूचे बारीक कण रुतलेत, चकतीही मोठी आहे, म्हणून मला तो पॅलीथोआ (पॅली, झोआचाच जवळचा नातेवाईक) वाटतोय, दुसऱ्याचा देठ अगदी गुळगुळीत. निळ्या-पांढऱ्या दोन्ही लाईटमध्ये फोटो काढले, रंगावरून काहीच कळत नाही. घरात लहान मुलगी आहे, पॅलीटॉक्सिनची (पॅलीत असू शकणाऱ्या घातक विषाची) खरंच भीती वाटते, त्यामुळे ग्लोव्ज-चष्मा घातल्याशिवाय हात लावत नाही आणि फ्रॅग कापणारही नाहीये. सध्या दोन्ही खाली वाळूवर, वेगळ्या दगडांवर आहेत, पण गुळगुळीत देठवाला चार दिवसांपासून लाईटकडे मान ताणतोय. त्याला मधल्या दगडावर घेऊ का, आणि पॅली पसरून त्याला झाकू नये म्हणून दोघांत किती अंतर ठेवू?