सागवानी फळ्यांच्या जमिनीत उन्हाळ्यात फटी, पावसाळ्यात कडा वर: काय करावं?

औसा_रोड
लातूरला वरच्या मजल्यावर एका खोलीत भरीव सागवानाच्या फळ्यांची जमीन आहे. फळी ७५ मिमी रुंद, १८ मिमी जाड, खाली प्लायवूड. एप्रिल लागला की फळ्यांमध्ये १ मिमीपर्यंत फटी पडतात. श्रावणात त्या बुजतात, पण बाल्कनीच्या दारापाशी फळ्यांच्या कडा वर येतात, हात फिरवला की कळतं. शिवाय सगळीकडे पांढुरकी झाक आली आहे. पुसायला बोअरचं पाणी आणि काळं फिनाइल असतं. सुतार म्हणतो, आत्ताच भुसा-फेव्हिकॉलने फटी भरून, मशीनने घासून पॉलिश मारू. मारू द्यावं का? आणि मधूनमधून गोडेतेलाचा हात फिरवला तर चालेल का?

रंधा
भाऊ, सुताराला थांबवा. एप्रिल-मेमध्ये फटी भरायच्या नसतात.

लाकूड रुंदीत हलतं, म्हणजे फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारची हवा इतकी कोरडी होते की लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास येतो. भर पावसाळ्यात तोच १३ टक्क्यांपर्यंत चढतो. सागाची साध्या कापाची फळी ओलाव्याच्या दर १ टक्क्यामागे रुंदीच्या सुमारे ०.१९ टक्के हलते. ७५ मिमीच्या फळीला ७ टक्क्यांचा फरक धरा, १ मिमी आलाच. तुमची फट हिशोबात बसते. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे, बाभूळ असती तर याहून जास्त हलली असती.

आत्ता भरलेला भुसा-फेव्हिकॉल पावसाळ्यात दबून बाहेर पडतो. नाही पडला तर फळ्या एकमेकींना रेटतात आणि जमीन मध्येच उचलते. दिवाळीनंतरही जी फट उघडी राहील तेवढीच भरा, तीही सागाची पातळ पट्टी एकाच बाजूला चिकटवून, म्हणजे दुसरी बाजू मोकळी हलते. एका ठिकाणचं स्कर्टिंग काढून बघा: भिंतीलगत १० ते १२ मिमी जागा मोकळी हवी. कित्येकदा गवंडी ती सिमेंटने बुजवून टाकतात, मग फळ्यांना फुगायला जागाच उरत नाही.

कडा वर येणं हा वेगळा आजार. फळीचा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त ओला झाला की कडा उचलतात. बाल्कनीचा उतार दाराकडे आहे का, उंबऱ्याखालून पाणी झिरपतं का, कुंड्यांचं पाणी कुठे जातं, हे आधी बघा. पाणी बंद झालं की फळ्या दोन-तीन महिन्यांत बऱ्याचशा आपोआप बसतात. कडा वर असताना मशीन फिरवलं तर उंच भाग घासला जातो, आणि लाकूड सुकल्यावर कडा खाली जाऊन फळीचा मध्य फुगीर दिसतो. ते मग पुन्हा सगळं घासल्याशिवाय जात नाही.

कूलर त्या खोलीत जमिनीवर ठेवू नका. खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा.

फरशी_ते_फळी
पांढुरकी झाक बोअरच्या क्षारांची आणि फिनाइलच्या साबणाची आहे. दोन्ही बंद करा. व्हिनेगर, लिंबू, अॅसिड, सोडा यांतलं काही नको, त्याने पॉलिशच मरतं.

रोज मऊ फुलझाडू किंवा कोरडा मायक्रोफायबर मॉप. मुरमाची कच पायाखाली पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून दाराबाहेर काथ्याचं आणि आत सुती पायपुसणं टाका. आठवड्यातून एकदा २ लिटर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात सौम्य भांड्याचा लिक्विड साबण अर्धा चमचा, फडकं घट्ट पिळून. पुसलेली जागा एक-दोन मिनिटांत सुकली पाहिजे. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं.

पॉलिश कुठलं आहे ते कपाटामागे तपासा. स्पिरिटचा थेंब टाकून पाच मिनिटांनी बोट लावा: चिकट झालं तर चपड्याचं (लाखेचं), काहीच झालं नाही तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन). नंतर वर्दळीच्या जागी पाण्याचा थेंब १० मिनिटं ठेवा. लाकूड काळपट झालं तर थर झिजलाय.

औसा_रोड
स्पिरिटने काहीच झालं नाही. पाण्याने मात्र दारापाशी डाग पडला. तेलाचं काय?

रंधा
म्हणजे पीयू आहे आणि दारापाशी संपलंय. पीयूवर तेल मुरत नाही, वर बसून धूळ धरतं. उघड्या लाकडातही गोडेतेल सुकत नाही, खवट होतं. करडईचं सुकतं, पण फार सावकाश.

दिवाळी ते फेब्रुवारी या काळात काम करा. बाकीचा थर शाबूत असेल तर मुळापर्यंत घासू नका, १८० नंबरच्या पेपरने हलका खरखरीतपणा आणून पीयूचे दोन हात पुरतात. दारापाशी मात्र १०० आणि मग १५० नंबरने लाकडापर्यंत, आणि तिथे तीन हात. दोन हातांमध्ये २२० ने हलकं घासून धूळ पुसा. साधारण १ लिटरमध्ये १०० चौरस फुटांचा एक हात होतो.

जुना_वाडा
हे वाचणाऱ्या वाड्यातल्या माडीवाल्यांसाठी: उघड्या सागाला रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल लावा, खायचं नव्हे. पातळ हात द्या, २० मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, नाहीतर आठवडाभर चिकटतं. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती स्वतःच तापतात आणि पेट घेतात, आपल्या ४२ अंशांत तर फारच लवकर. एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.