मदत हवी आहे : कोरोनाला पेशीत शिरू न देणारं औषध, टार्गेट कुठलं घेऊ?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीत एमएस्सी बायोटेक करतेय. स्पाइक (व्हायरसवरचा काट्यासारखा प्रोटीन) आधी आपल्या पेशीवरच्या एसीई२ रिसेप्टरला चिकटतो, मग टीएमपीआरएसएस२ एन्झाइम त्याला कापतं नि व्हायरस आत घुसतो, इथवर क्लिअर आहे. सर म्हणतात स्पाइकच्या टोकावरच डॉकिंग (औषधाचा रेणू प्रोटीनवर कसा बसतो ते कॉम्प्युटरवर बघणं) कर, पण ओमिक्रॉनमध्ये तो भाग केवढा बदललाय, मला नाही पटत, त्यापेक्षा स्पाइकचाच खालचा एचआर१ हा भाग कमी बदलतो तो घेऊ का? आणि टीएमपीआरएसएस२ ला रोखणारं कॅमोस्टॅट हे औषध, जे जपानमध्ये स्वादुपिंडाच्या सुजेवर देतात, ते लॅबमध्ये पेशींवर मस्त चाललं मग पेशंटवरच्या ट्रायल्समध्ये फारसा फरक का नाही पडला, शरीरात पटकन तुटतं म्हणून? पावसात इथे लाईट जाते नि रात्रभर लावलेलं डॉकिंग अर्ध्यात बंद पडतं, त्यामुळे आधी टार्गेट नक्की करायचंय. यातलं काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.