शब्दचर्चा : स्ट्रिंगमधल्या एका 'कॅरेक्टर'ला काय म्हणावं?

प्रश्न
प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. 'स्ट्रिंग' (प्रोग्रॅममध्ये साठवलेला मजकूर) तशीच ठेवली. 'शृंखला' वाचून कुणाला काही कळेल असं वाटत नाही. अडलंय ते 'कॅरेक्टर'पाशी, म्हणजे स्ट्रिंगमधल्या एकेका घटकापाशी. आतापर्यंत 'अक्षर' लिहीत आले, पण आकडा, स्वल्पविराम, मोकळी जागा हीसुद्धा कॅरेक्टर्सच. त्यांना अक्षर कसं म्हणायचं?

प्रतिसाद
'वर्ण' घ्या. व्याकरणात रुळलेला आहे.

प्रतिसाद
वर्ण नको, त्याने घोळ वाढेल. 'मराठी' हाच शब्द मोजून बघा. अक्षरं तीन : म, रा, ठी. वर्ण सहा : म्, अ, र्, आ, ठ्, ई. आणि पायथॉन 3 या प्रोग्रॅमिंग भाषेत लांबी सांगणाऱ्या 'लेन' फंक्शनला विचारलं तर उत्तर येतं 5, कारण तिथे म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी असे पाच कोडपॉइंट (युनिकोडने दिलेले क्रमांक) साठवलेले असतात. 'म'मधला 'अ' वेगळा मोजला जात नाही, काना मात्र वेगळा मोजला जातो. म्हणजे संगणकाची मोजणी आपल्या व्याकरणातल्या एकाही शब्दाशी जुळत नाही. (बाइट मोजाल तर यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत आणखी वेगळा आकडा, 15. ते सुरुवातीला शिकवू नका.)

विद्यार्थ्याला 'अक्षर' सांगितलं की तो पुढच्याच धड्यात अडकतो. मोजणी 0 पासून, म्हणून 2 या क्रमांकावर तो 'ठी' शोधतो आणि हाती येतो नुसता काना. स्ट्रिंग उलटी केली तर सुरुवातीला व्यंजनाविना वेलांटी, मग 'ठारम' : 'र'चा काना जाऊन 'ठ'ला चिकटला! चूक त्याची नसते, आपण दिलेल्या शब्दाची असते.

माझं मत 'चिन्ह'. काना हे चिन्ह, हलन्ताची खूण हे चिन्ह, स्वल्पविराम तर आहेच. 'अक्षर' हा शब्द वाचणाऱ्याला जे दिसतं त्यासाठी राखून ठेवा, पुढे लागतोच.

प्रतिसाद
'चिन्ह'ला अनुमोदन. पण चिन्ह डोळ्यांना दिसेलच असं नाही, हेही टिपणात लिहा. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' तीन प्रकारे टाइप झालेला सापडतो : 'ऱ' हे एकच चिन्ह वापरून, 'र' आणि नुक्ता (खालचं टिंब) अशी दोन वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा 'झीरो विड्थ जॉइनर' हा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसू शकतात, पण दोन बरोबर चिन्हांनी (==) तुलना केली की उत्तर 'फॉल्स', म्हणजे सारखे नाहीत. एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालेला मजकूर ठरावीक रूपात आणणं) केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा तरीही वेगळाच राहतो. मराठी मजकुरात शब्द शोधणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे माहीत हवंच.

प्रश्नकर्ती
'चिन्ह' पक्कं. फक्त 'बरोबर चिन्ह', 'अवतरणचिन्ह' हे शब्दही त्याच पानावर येतात, म्हणून पहिल्या उल्लेखाला व्याख्या देते : 'स्ट्रिंगमध्ये ज्याला स्वतःचा क्रमांक मिळतो ते एक चिन्ह'. 'सबस्ट्रिंग'ला 'तुकडा' म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद
चालेल. 'स्ट्रिंगचा सलग तुकडा' लिहा, 'सलग' गाळू नका. 'मठी'तली चिन्हं 'मराठी'त त्याच क्रमाने आहेत, पण तो तिचा तुकडा नाही.