आहार योजनेमुळे मुलांचे वजन वाढले, हे ठरवायचे कसे?

ऐरोलीकर (चर्चेची सुरुवात)

शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर लहान मुलांना पूरक आहार देणाऱ्या एका संस्थेसाठी मी वजनांच्या नोंदी संगणकात भरून देते. यंदाच्या वार्षिक अहवालात मी भरलेल्याच आकड्यांवरून असा निष्कर्ष छापून आला की, ऑगस्टमध्ये तीव्र कुपोषित असलेल्या मुलांची संख्या जानेवारीपर्यंत बरीच घटली आणि हे आहाराचे यश आहे. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या वह्या ओळीन् ओळ वाचलेल्या असल्यामुळे मी अस्वस्थ झाले.

ऑगस्ट हा आपल्या डोंगराळ भागातला सर्वांत कठीण काळ असतो. भाताची लावणी आटोपलेली असते, कणगी रिकामी असते, मजुरी मिळत नाही आणि जुलाब-तापाच्या साथी असतात. दिवाळीच्या सुमारास नवे भात घरात येते आणि कोणी काही केले नाही तरी बरीच मुले अंगाने भरू लागतात. त्यामुळे ऑगस्ट आणि जानेवारी यांची तुलना केली, तर आहाराचे श्रेय किती आणि सुगीचे किती, हे कळायला मार्गच उरत नाही. त्यातच दिवाळीनंतर अनेक कातकरी आणि ठाकर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. एका पानावर ओळीने सात नावांसमोर तांबड्या शाईने ‘स्थ.’ असे लिहिलेले होते, म्हणजे स्थलांतरित. त्या सातपैकी चार मुले ऑगस्टमध्ये तीव्र कुपोषित होती. जानेवारीच्या बेरजेत ती नाहीत, कारण त्यांचे वजन कोणी केलेच नाही, आणि अहवालात मात्र तेवढी तीव्र कुपोषित मुले कमी दिसतात.

माझे म्हणणे असे आहे की, ज्या पाड्यांवर आहार अजून पोहोचलेला नाही, त्यांतल्या मुलांची त्याच महिन्यांतली वजने शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही योजनेने परिणाम झाला असे म्हणू नये. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही योजना सुरू केली, तेव्हा अर्थतज्ज्ञ सांतियागो लेव्ही यांनी हाच आग्रह धरला होता. मुलांची शाळेतली हजेरी आणि आरोग्य तपासणी यांच्या बदल्यात आईच्या हाती रोख रक्कम देणारी ती योजना होती. मूल्यमापनासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत ती आधी सुरू झाली आणि १८६ गावांत दीड-दोन वर्षांनी. कोणते गाव आधी, हे सोडतीने ठरले. त्या तुलनेतून शाळेतली पटसंख्या आणि मुलांचे आरोग्य सुधारल्याचे दिसले आणि २००० मध्ये विरोधी पक्षाचे सरकार येऊनही योजना बंद न होता वाढली.

निवृत्त आरोग्यसेविका, कळवा

ताई, तुमची अस्वस्थता मला समजते, कारण त्या वह्यांतल्या नोंदी माझ्यासारख्यांनीच केलेल्या असतात. मी अनेक वर्षे घराच्या तुळईला काटा अडकवून मुले तोलली आहेत. झोळीत घातलेले मूल रडते, पाय झाडते, काटा हलत राहतो आणि आपण त्याच्या मधला कुठला तरी आकडा लिहितो. थंडीत मुलाच्या अंगात स्वेटर असतो आणि आई तो काढू देत नाही. वरून विचारणा होणार असेल, तर अंगणवाडीसेविका तक्त्यावरच्या तीव्र कुपोषणाच्या लाल रेषेच्या जरा वरचा आकडा लिहिते, आणि तिला दोष देण्याआधी तिचे मानधन आणि तिच्यावरचा बोजा पाहावा. अशा आकड्यांवर तुम्ही कितीही काटेकोर तुलना उभारली, तरी ती पोकळ पायावरच उभी राहील.

माझा खरा विरोध मात्र याहून मूलभूत आहे. तुलनेसाठी काही पाडे मागे ठेवायचे, तर त्या पाड्यावरच्या आईला तोंडाने सांगायचे कोणी? आम्ही दारात जाऊन तिच्या मुलाचे वजन करायचे, वहीत ‘तीव्र’ असे लिहायचे आणि शेजारच्या पाड्यावर जो आहार जातो तो तुला पुढच्या वर्षी मिळेल असे सांगून निघून यायचे, हे मला जमणार नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे १९९२ चे कुपोषणाने झालेले बालमृत्यू माझ्या पिढीने ऐकलेले आहेत. अशा भागात भुकेल्या मुलाला खाऊ घातल्याने काय होते, याचा पुरावा मागण्याची वेळ केव्हाच निघून गेली आहे.

रोजगार हमीचेच उदाहरण घ्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना आली, १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो लोकांना जगवले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ठाण्या-मुंबईतल्या नोकरदारांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो याच योजनेसाठी १९७५ मध्ये सुरू झाला होता. त्या वेळी कोणी गावांची सोडत काढली असती आणि अर्ध्या गावांना थांबायला सांगितले असते, तर आज आपण त्याला शहाणपण म्हटले असते का?

ऐरोलीकर

काट्याबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मी शब्दशः मान्य करते आणि त्याकडे पुन्हा येते. ‘मागे ठेवायचे’ या शब्दांना मात्र माझी हरकत आहे. आमच्या संस्थेकडे सगळ्या पाड्यांना पुरेल इतका पैसा एकाही वर्षी नव्हता. काही पाडे दरवर्षी मागे राहतातच; कोणते, ते रस्ता कुठपर्यंत जातो आणि कोणत्या सरपंचाची ओळख आहे यावर ठरते. नवी मुंबईत सिडकोच्या घरांसाठी हजारो लोक अर्ज भरतात आणि सोडतीत नाव आले नाही, तर वाईट वाटले तरी अन्याय झाला असे म्हणत नाहीत, कारण घरे कमी आणि मागणारे जास्त आहेत हे सर्वांना दिसते. तोच न्याय पाड्यांना लावला, तर दुर्गम पाड्यालाही पहिल्या वर्षी संधी मिळेल आणि तुलनाही आपोआप हाती येईल.

तुलनेमुळे गरिबांचे नुकसानच होते असेही नाही, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. ते काम ३९ गावांत झाले आणि सोबतच्या ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या. सरकारी सेवा तिथे नेहमीसारखी चालूच होती. कामाच्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले आणि तुलनेच्या गावांत ते जवळपास होते तिथेच राहिले. ती ४७ गावे नसती, तर काळाबरोबर मृत्यू कमी होतातच असे म्हणून कोणीही ते काम बाजूला सारले असते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळासाठी घरभेटी देऊ लागल्या.

खारघरचा रहिवासी

सोडत काढणे शक्य नसते तिथेही तुलना करता येते, एवढेच मला सुचवायचे आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जिला आता महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे, ती जुलै २०१२ मध्ये फक्त आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रायगड होता आणि ठाणे नव्हता. बाकीच्या जिल्ह्यांबरोबर ठाण्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. म्हणजे जवळपास सोळा महिने खारघरमधल्या केशरी शिधापत्रिकेवर हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होऊ शकत होती आणि शेजारच्या बेलापूरमधल्या तशाच शिधापत्रिकेवर नाही, कारण मध्ये जिल्ह्याची हद्द आहे. रेल्वेने हे एका स्थानकाचे अंतर आहे. दोन्हीकडची माणसे सारखीच, मग त्या काळातले कर्जाचे आणि मृत्यूचे आकडे शेजारी ठेवले तर योजनेचा परिणाम दिसायला हवा.

कर्नाटकात हे प्रत्यक्ष झाले. वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तर कर्नाटकात आली, तेव्हा संशोधकांनी हद्दीच्या अलीकडची ३०० आणि पलीकडची २७२ गावे निवडली. योजनेत मोडणाऱ्या आजारांमुळे झालेले मृत्यू योजना असलेल्या बाजूला ०.३२ टक्के आणि नसलेल्या बाजूला ०.९० टक्के आढळले. तिथे संशोधकांनी कोणाला काहीही नाकारलेले नव्हते. आरोग्यसेविका ताईंचा आक्षेप इथे लागू पडत नाही असे मला वाटते.

अर्थशास्त्राचा शिक्षक, ठाणे पूर्व

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. तुलना नीट झाली तरी ती आपल्याला जे सांगते, त्यापेक्षा कितीतरी अधिक आपण तिच्याकडून वदवून घेतो. केनियात कंत्राटी शिक्षक नेमल्याने मुलांचे शिकणे सुधारते असे दिसले होते. मग तोच कार्यक्रम काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने आणि काही शाळांत सरकारने राबवून पाहिला, तेव्हा संस्थेच्या शाळांत फायदा झाला आणि सरकारी यंत्रणेकडून राबवलेल्या शाळांत झाला नाही. उदयपूर जिल्ह्यात परिचारिकांची हजेरी यंत्रावर नोंदवून गैरहजेरीचे पैसे कापण्याचा प्रयोग झाला. सुरुवातीला हजेरी झपाट्याने वाढली, पण आरोग्य प्रशासनाने सवलतीचे दिवस वाढवत नेले आणि सोळा महिन्यांनंतर फरक उरला नाही. पहिल्या सहा महिन्यांतच अहवाल लिहिला असता, तर तो यशाचा ठरला असता.

दुसरी अडचण कारण आणि परिणाम यांच्यामधल्या साखळीची आहे. ओडिशात १०० गावांच्या चाचणीत, कार्यक्रम झालेल्या गावांत शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, पण मुलांच्या जुलाबांत फरक पडला नाही. यावरून शौचालये निरुपयोगी ठरतात का? पुष्कळ घरांतली माणसे ती वापरत नव्हती, आणि गावातली थोडी माणसे जरी उघड्यावर बसली तरी जंतू मुलाच्या हातापर्यंत पोहोचतात. हे कारण समजून न घेता नुसता ‘परिणाम शून्य’ असा आकडा मंत्रालयात गेला, तर चांगल्या कामाचा निधी तुटतो. अँगस डीटन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ म्हणूनच सांगत आले आहेत की, एखादी गोष्ट का चालते हे कळल्याशिवाय ती दुसरीकडे चालेल असे गृहीत धरता येत नाही.

ऐरोलीकर

सर, ओडिशाचे उदाहरण मला माझ्याच बाजूचे वाटते. त्या चाचणीशिवाय ६३ टक्के हाच आकडा यश म्हणून मिरवला गेला असता आणि वापराचा प्रश्न कोणी विचारलाच नसता. उदयपूर जिल्ह्यातलाच दुसरा प्रयोग पाहा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्या चमूने १३४ गावांत लसीकरण पाहिले. काहीही केले नाही तिथे ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले, ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरले तिथे १८ टक्के आणि शिबिरासोबत दर लशीला किलोभर डाळ व शेवटी ताटांचा संच दिला तिथे ३९ टक्के. डाळ देऊनही दर मुलामागचा खर्च जवळजवळ निम्मा झाला, कारण परिचारिकेचा दिवसाचा पगार तेवढाच राहिला आणि मुले अधिक आली. डाळ वाटणे म्हणजे उधळपट्टी, असे मीही आधी म्हटले असते. स्वतःच्या समजुतीविरुद्ध जाणारे असे उत्तर नुसत्या चांगल्या हेतूने हाती लागत नाही.

तरीही ‘का’ हा तुमचा प्रश्न मला सोडता येणार नाही. पाड्यावर दिलेला आहार मूल खाते की घरी नेऊन चौघांत वाटला जातो, हे आमच्या वहीत कुठेच नाही, आणि ते नसेल तर वजन न वाढण्याचे कारण आम्हाला कधीच कळणार नाही.

निवृत्त आरोग्यसेविका, कळवा

तो वाटला जातोच. मोठी बहीण धाकट्याला पाठीवर घेऊन येते, ती उपाशी असते आणि वाटीतले अर्धे ती खाते. त्यात तिचे काही चुकत नाही. हे लिहायला वहीत रकाना हवा, हे मला पटते.

सोडतीबद्दल मी पुन्हा विचार केला. पैसा खरोखरच अपुरा असेल आणि पाड्यांचा क्रम ग्रामसभेत सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरणार असेल, तर माझी हरकत राहणार नाही. पैसा असूनही केवळ अभ्यासासाठी कोणाला थांबवले जात असेल, तर माझा विरोध कायम आहे. त्याशिवाय माझ्या तीन अटी आहेत. ज्या सेविकेला आकड्यांचा जाब विचारला जातो तिने वजने घ्यायची नाहीत. बाहेरच्या दोघींनी प्रत्येक मुलाचे दोनदा वजन करावे, आणि दोन आकड्यांत फरक आला तर तिसऱ्यांदा. भट्टीवर गेलेल्या मुलांचा माग काढायचा. मुकादम कोणत्या पाड्यातून कोणाला कुठे घेऊन जातो, ते पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर ठाऊक असते, फक्त दसऱ्याच्या आत जाऊन विचारावे लागते. आणि थांबलेल्या पाड्यावर एखादे मूल तीव्र कुपोषित आढळले, तर त्याच दिवशी त्याला आणि आईला गाडीत घालून पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे, मग तुमच्या तुलनेचे काहीही होवो.

ऐरोलीकर

तिन्ही अटी मान्य आहेत. शेवटच्या अटीमुळे दोन्हीकडच्या पाड्यांतला फरक प्रत्यक्षाहून कमी दिसेल, हे अहवालात स्पष्ट लिहावे लागेल आणि मी ते लिहीन. दसऱ्याच्या आधी पाड्यांवर जायचे आहे. ताई, तुम्ही पहिल्या फेरीला बरोबर याल का? ‘स्थ.’ लिहिलेल्या त्या सात नावांपासून सुरुवात करायचे माझ्या मनात आहे.