शब्दचर्चा : ‘प्रताधिकारमुक्त’, ‘साभार’ आणि ‘हक्क दिले’

अनुवादक : क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालच्या (म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरू दिलेल्या) छायाचित्राला ‘प्रताधिकारमुक्त’, म्हणजे कॉपीराइट नसलेले, म्हणावे का? जालावर तसे सर्रास लिहिलेले दिसते.

मुद्रितशोधक : म्हणू नये. कर्त्याचा हक्क शाबूत असतो म्हणूनच तर त्याला अट घालता येते. अशा कृतीला ‘मुक्त परवान्यातील’ म्हणावे. वापरताना कर्त्याचे नाव, मूळ दुवा, परवान्याचे नाव व दुवा द्यावा आणि बदल केला असेल तर तसे नमूद करावे. अट मोडली की परवाना आपोआप संपतो. परवान्याच्या ४.० आवृत्तीत चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर तो पुन्हा लागू होतो.

‘प्रताधिकारमुक्त’ हा शब्द मुदत संपलेल्या कृतीसाठी राखावा. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूचे वर्ष संपल्यापुढे ६० वर्षे हक्क चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त. घोटाळा होतो तो नव्या आवृत्तीचे पान न् पान स्कॅन करून जालावर चढवताना : मजकूर मुक्त असतो, पण नवी प्रस्तावना आणि नवी चित्रे नसतात. अनुवादावरही अनुवादकाचा वेगळा हक्क असतो.

अनुवादक : आणि खाली ‘साभार’ लिहिले तर?

कायद्याची अभ्यासक : ‘साभार’ म्हणजे ऋणनिर्देश. ती परवानगी नव्हे. परीक्षणात चार ओळी उद्धृत करायला भारताच्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ मुभा देते. अख्खी कविता उचलून खाली ‘साभार’ लिहिणे त्यात बसत नाही. ‘लेखक अज्ञात’ तर त्याहून वाईट, कारण कलम ५७ नुसार आपले कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा अधिकार हक्क विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो.

मला सर्वांत घातक वाटतो तो ‘हक्क दिले’ हा प्रयोग. त्यात परवाना (वापरू देणे) आणि हस्तांतर (हक्कच दुसऱ्याच्या नावे करणे) या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, आणि १९५७ च्या या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर हा फरक फार महत्त्वाचा आहे. परवाना आधीही लेखीच लागे, पण सही हवी असे. दुरुस्तीने कलम ३० मधली सहीची अट काढली, त्यामुळे ‘होय, छापा’ एवढे ई-मेलने कळवले तरी परवाना होऊ शकतो. हस्तांतराला मात्र कलम १९ खाली लेखी करार आणि सही आजही लागते. करारात मुदत नसेल तर ५ वर्षे, प्रदेश नसेल तर फक्त भारत, असे धरले जाते. जालावरचे प्रकाशन जगभर पोहोचते. म्हणून प्रदेशाची ओळ गाळणे दोन्ही पक्षांना महागात पडते.

मुद्रितशोधक : म्हणजे ‘परवानगी दिली’ आणि ‘हक्क हस्तांतरित केले’ असे वेगळेच लिहायला हवे. ‘नावासह शेअर करा’ हेही अपुरे आहे. त्यावरून अभिवाचनाची ध्वनिफीत चालते की नाही ते कळत नाही. लेखाखाली असे लिहिता येईल : ‘लेखकाच्या नावासह, मजकूर न बदलता, जालावर विनामूल्य पुनःप्रकाशनास परवानगी आहे. छपाई, अनुवाद व ध्वनिमुद्रणासाठी आधी विचारावे.’

कायद्याची अभ्यासक : त्यात ‘पूर्ण मजकूर’ हे शब्द घाला. नाहीतर शेवटचा परिच्छेद गाळूनही ‘बदलला नाही’ असे म्हणणारे भेटतात.